कधी कधीचा बिघाड

काका गाडीला किल्ली लावायच्या आधी चष्मा काढून शर्टाच्या खिशात ठेवायचे. डोळ्यांवर काच असली की कान नीट लागत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. मग चपला दाराबाहेर काढून आत बसायचे, खिडकी खाली करायचे आणि श्वास रोखून किल्ली फिरवायचे. इंजिन सुरू झालं की त्यांचा चेहरा पडायचा. "आजही झाली," म्हणायचे आणि चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवायचे.

गाडी सुरू झाली म्हणून खट्टू होणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

ते आमचे घरमालक. मोहोपाड्याच्या टोकाला त्यांचं दुमजली घर. खाली ते आणि काकू, वर मी, बायको आणि आमची लहान मुलगी. मी जवळच्याच एका केमिकल कारखान्याच्या लॅबमध्ये होतो. काका दुसऱ्या एका कारखान्यातून इन्स्ट्रुमेंट खात्याचे सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले. टाक्यांवर आणि नळ्यांवर जे काटे, दिवे, भोंगे असतात, ते खरं बोलतायत की खोटं हे बघण्यात त्यांचा जन्म गेलेला. मूळचे कडावचे, भातशेतीच्या घरातले. नोकरीने भाषा साफ झाली होती, पण घाबरले किंवा चिडले की 'हाय-नाय' बाहेर यायचं.

जागा बघायला गेलो तेव्हा मी विचारलं होतं, वरच्या मजल्यावर पाण्याचा काही त्रास आहे का. काका म्हणाले, "आहे. पण तो नेहमी होतो, त्यामुळे त्यात काही अर्थ नाही."

मला आधी कळलं नाही. पुढे कळलं. त्यांचा सगळ्यांना एकच प्रश्न असायचा: "नेहमी होतं की कधी कधी?" माझ्या बायकोने डोकं दुखतं म्हटलं, शेजाऱ्याने मिक्सर बंद पडलाय म्हटलं, कुणी मुलगा ऐकत नाही म्हटलं, तरी प्रश्न तोच. नेहमी होतं म्हटलं की त्यांचा रस संपायचा. "नेहमीचं काय शोधायचं? ती वस्तू मेली. कधी कधी होतं ना, तिथे कुणीतरी लपून बसलेलं असतं."

गाडीसुद्धा त्यांनी त्या 'कधी कधी'वरच घेतली. कर्जतजवळच्या एका फार्महाउसवर पंपाचं पॅनेल दुरुस्त करायला गेले होते. तिथे पत्र्याखाली ताडपत्री टाकून ती उभी. दोन दारांची, दोनच माणसांची, जमिनीला टेकलेली जुनी जपानी स्पोर्ट्स कार. रंग तांबडा, टपावर उन्हाने गुलाबी पडलेला. हेडलाइट बंद केले की बॉनेटमध्ये मिटून जायचे. राखणदार म्हणाला, "साहेब, ती कंदी चालू व्हते, कंदी नाय. मालक कटाळले." काकांनी त्याला पुन्हा एकदा ते वाक्य म्हणायला लावलं. महिन्याभरात गाडी मोहोपाड्यात आली. तीस-पस्तीस वर्षं एकाच कंपनीची बस पकडून कामावर गेलेल्या माणसाच्या दारात तांबडी स्पोर्ट्स कार. आळी हसली. काकूही हसल्या, असं त्या स्वतःच सांगायच्या.

बिघाड साधा होता. दहा वेळा किल्ली फिरवली तर नऊ वेळा गाडी मुकाट सुरू व्हायची. दहाव्या वेळी इंजिन हलायचंच नाही. दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत, बॅटरी भरलेली, आणि तरी फक्त कुठेतरी एक बारीक 'टक्'. मग पाच मिनिटांनी किंवा तासाने, कुणी काहीही न करता, ती पुन्हा सुरू.

इंजिनाला पहिला हिसका देणारी एक मोटर असते, स्टार्टर. काकांना एवढंच बघायचं होतं, की गाडी अडते त्या क्षणी स्टार्टरपर्यंत वीज पोचते का. पोचत असेल तर दोष स्टार्टरचा. पोचत नसेल तर किल्लीपासून स्टार्टरपर्यंतच्या वाटेत कुठेतरी, एखाद्या वायरचा, एखाद्या जोडाचा. आणि ते 'टक्' कुठलं? डॅशबोर्डमागचं की खालच्या स्टार्टरचं? गाडी अडलेली असताना एकदा मीटर लावून आकडा वाचला की निकाल लागणार होता. शून्य आला तर वाटेत दोष, बॅटरीच्या बारा व्होल्टच्या आसपास आला तर स्टार्टरमध्ये. पण स्टार्टर इंजिनाच्या पोटात, खालून हात घालायचा. काका चटई टाकून आत सरकेपर्यंत गाडी सुधारायची. सात वर्षं ते त्या एका आकड्याच्या मागे होते.

गॅरेजच्या भिंतीवर शिसपेन्सिलीने त्यांनी प्रत्येक नकार लिहून ठेवला होता. तारीख, वेळ, ऊन की ढग, इंजिन गरम की गार, आधी किती चालली होती. दिवाळीला सगळं घर रंगायचं, ती भिंत तेवढी तशीच.

आणि धक्का मारायची बंदी. उतारावर ढकलली असती तर गाडी दरवेळी सुरू झाली असती. पण काका म्हणायचे, "ढकलून सुरू केली की तो पळाला. मग परत कुठे शोधू त्याला?"

एका रविवारी आम्ही पळसदरीच्या धरणावर गेलो. ते दोघं गाडीतून, आम्ही मागे मोटरसायकलवर. काकूंना त्या बुटक्या गाडीत बसणं सोपं नव्हतं. त्या आधी पाठमोऱ्या होऊन सीटवर टेकायच्या, मग साडी सावरत एकेक पाय हाताने उचलून आत घ्यायच्या. सोबत एक पिशवी असायची: पाण्याची बाटली, चिवडा, अंथरायला जुनी चादर. गाडी अडणार हे धरूनच त्या निघायच्या.

परतताना ती अडलीच. काका खाली सरकले. मुंबईहून आलेली चार-पाच पोरं जवळ आली, "अंकल, धक्का देतो" म्हणाली. काकांनी गाडीखालूनच "हात लावू नका" म्हणून सांगितलं. पोरं हसत गेली. रस्त्याच्या कडेला वाडीवरची एक बाई करवंदांची टोपली घेऊन बसली होती. काकूंनी चादर अंथरली आणि तिच्या शेजारीच बसल्या.

"काय झालं वं गाडीला?" तिने विचारलं.

"काय नाय गं. चालू व्हत नाय."

"मंग ढकला की."

"ढकलायची नाय."

बाईने एकदा गाडीखालून बाहेर आलेल्या पायांकडे पाहिलं आणि पानात मूठभर करवंदं घालून काकूंपुढे ठेवली.

मधूनमधून काका आतून म्हणायचे, "फिरव." काकू उठायच्या, गाडीत वाकून किल्ली फिरवायच्या. "सोड." त्या सोडायच्या. इतक्या वर्षांत त्यांना ते काम अंगवळणी पडलं होतं. दोन तासांनी काकांचा हात एकदाचा स्टार्टरच्या वायरवर पोचला, आणि त्याच वेळी गाडी सुरू झाली. काका बाहेर आले. गरम नळीला लागून मनगट भाजलं होतं. बॉनेटला टेकले. "हात लावला आणि झाली," मला म्हणाले. "आता यातून काय समजायचं, सांग."

गाडीत बसायला काकूंना काय आवडायचं, हे मी एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "घरात ते माझ्याशी बोलत नायत रं. गाडी चालू असली की बोलतात."

चौकच्या जुन्या हायवेवर इम्तियाजभाई म्हणून एक इलेक्ट्रिशियन होते. पांढरी दाढी, कोकणातल्या घराण्यातले, तीन पिढ्या खालापूर तालुक्यात. काका त्यांच्याकडून वायर, फ्यूज घ्यायचे आणि वाद घालायचे. इम्तियाजभाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "काका, स्टार्टरच हाय तो. आतलं झिजलंय. दुसरा बसवतो, अर्ध्या तासाचं काम हाय."

"असेल. पण सिद्ध कुठे झालंय?"

"सिद्ध करून काय करायचंय? गाडी चालल्याशी मतलब."

"बदलला आणि दोष वायरमध्ये निघाला तर? दोन महिने बरी चालेल, मी गाफील होईन, आणि नको त्या वेळी दगा देईल."

मी एकदा इम्तियाजभाईंची बाजू घेतली. काका आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

त्या आठ दिवसांतच काकूंनी मला आणि बायकोला त्यामागची गोष्ट सांगितली. कारखान्यात असताना एका टाकीवरचा भोंगा कधी वाजायचा, कधी नाही. टाकी भरत आली की वाजायला हवा. काकांनी एकदा त्याचं कार्ड, म्हणजे आतली सर्किटची पट्टी, बदललं, चाललं. पुन्हा बिघडलं, पुन्हा बदललं. तिसऱ्यांदा बदलून त्यांनी 'ठीक आहे' अशी सही केली. दोष कार्डात नव्हताच. टाकी उतू गेली तेव्हा भोंगा वाजला नाही, आणि खाली उभा असलेला ऑपरेटर भाजला. तो काकांचा कडावचाच मित्र. जगला, पण चेहरा गेला. गावात त्याने पुढे किराणा दुकान टाकलं. काका त्यानंतर कडावला गेले ते फक्त आईवडिलांच्या कार्याला, तेही मागच्या वाटेने.

"म्हणून ते बदलत नायत," काकू म्हणाल्या. मग बायको चहा ठेवायला उठली तशी आवाज खाली करून मला म्हणाल्या, "तू त्या भाईंना सांगून गुपचूप बदलून टाक ना रं. हे पेन्शनीच्या कामाला अलिबागला जातात तवा. यांना कळायचं नाय."

मला ते करता आलं असतं. पण काकांना कळलं असतं, आवाजावरून कळलं असतं. आणि खरं सांगायचं तर मलाही तोवर त्या आकड्याची ओढ लागली होती. लॅबमधला माणूस मी. न तपासता बदलायचं हे माझ्याही जिवावर यायचं.

"बघू काकू," मी म्हटलं. "पुढच्या महिन्यात बघू."

पुढचा महिना माघाचा. सकाळचे साडेनऊ वाजले असतील. बायको खालून धावत वर आली. काकूंना दरदरून घाम सुटलाय, छातीत आणि जबड्यात कळ येतेय. मी उतरलो तेव्हा काकांनी त्यांना गाडीपर्यंत आणलं होतं. काकू पाठमोऱ्या होऊन बसल्या, पाय मी उचलून आत ठेवले. पाय गार होते. पनवेल गाठायचं होतं.

काकांनी किल्ली फिरवली. टक्.

पुन्हा फिरवली. टक्.

माझी बायको तिथून सरळ रस्त्याकडे पळाली. दुसरी गाडी बघायला जाते म्हणाली होती, असं ती सांगते. मला ऐकू आलं नाही. काका गाडीतून उतरले होते आणि मला म्हणत होते, "मीटर आण. लवकर."

मी आणला. हे मी कुणालाही धड सांगू शकलेलो नाही. काकू समोर बसल्या होत्या आणि मी गॅरेजच्या फळीवरून मीटर आणला. काकांनी बॉनेट उचललं, चटई न टाकताच खाली सरकले. मीटर मी हातात धरून मडगार्डपाशी उभा. मीटरच्या वायरीचं टोक त्यांनी आत घातलं.

"फिरव," ते खालून म्हणाले.

आणि काकूंनी वाकून किल्ली फिरवली. सवयच होती.

टोक घसरलं. "सोड. थांब. हां, फिरव."

त्यांनी पुन्हा फिरवली. पुन्हा टोक सुटलं.

"आता बसलं नीट. फिरव गं."

टक् झालं आणि मीटरवर आकडा आला. अकरा पॉइंट आठ. स्वच्छ, न हलणारा. म्हणजे वीज पोचत होती. म्हणजे स्टार्टर.

"आकडा वाच," काका ओरडले.

मी तोंड उघडणार एवढ्यात बायको फाटकातून आत आली. तिच्यामागे दूधवाल्याचा टेंपो. "काय करताय तुम्ही दोघं?" ती एवढंच म्हणाली. तो आवाज मी त्याआधी तिच्या तोंडून ऐकला नव्हता आणि नंतरही नाही.

दुधाचे कॅन उतरवून आम्ही काकूंना टेंपोत झोपवलं. काकांनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. हातांना ग्रीस लागलं होतं म्हणून ते कोपराने त्यांच्या कपाळावरचे केस बाजूला करत होते. शेडुंगच्या पुढे कुठेतरी काकूंनी डोळे मिटले. पनवेलच्या डॉक्टरांनी आम्ही पोचल्यावर दहा मिनिटं खटपट केली. मग बाहेर येऊन सांगितलं. काकांनी विचारलं, पाच-सात मिनिटं आधी आणलं असतं तर? डॉक्टर म्हणाले, "सांगता येत नाही."

त्यानंतर गाडी एकदाही अडली नाही.

तेराव्यानंतर रोज सकाळी सातला काका खाली जायचे, किल्ली फिरवायचे. गाडी पहिल्या झटक्यात सुरू व्हायची. ते ती बंद करायचे, थोडा वेळ थांबून पुन्हा फिरवायचे. पुन्हा सुरू. वीस-वीस वेळा. वर आम्ही चहा पीत असायचो आणि बायको कप तसाच ठेवून आतल्या खोलीत निघून जायची. इम्तियाजभाई भेटायला आले तेव्हा म्हणाले, "काका, आता विका ती." काका म्हणाले, "दोष असताना कशी विकू? आणि दोष दाखवत तर नाय."

एका संध्याकाळी ते जिना चढून वर आले. बायको मुलीला घेऊन माहेरी गेली होती. दारातच उभे राहून म्हणाले, "एक सांगू? त्या दिवशी ती बाजूला बसली होती, आणि गाडी अडली. तेव्हा मला आनंद झाला. पहिल्यांदा आनंद झाला, मग भीती वाटली. हे कुणाला सांगायचं ते कळत नव्हतं."

मी त्यांना आत बोलावलं. ते आले नाहीत.

"शेवटचा आकडा पाहिलास का रे तू?"

त्यांच्या तोंडाकडे बघून मला एवढंच सुचलं, की इम्तियाजभाईंचा अर्धा तास पुरला असता हे या माणसाला माझ्याकडून कळता कामा नये. मी म्हटलं, "नाही काका. तेवढ्यात ही आली. राहिलंच बघायचं."

ते जिन्याकडे वळले. मग "बरं" म्हणून उतरले. दुसऱ्या दिवशी सातला गाडीचा आवाज आलाच.

पावसाळ्याआधी आम्ही जागा सोडली. काकांना सांगितलं, मुलीची शाळा कर्जतला घेतलीय. शाळा खरंच घेतली, पण जागा आधी सोडायची ठरली होती.

तीन वर्षं मी गेलो नाही. गेल्या महिन्यात इम्तियाजभाई कर्जत स्टेशनबाहेर भेटले. म्हणाले, "काका लई खंगलेत. अजून रोज किल्ली फिरवत बसतात. तू एकदा जाऊन ये." मी दुसऱ्याच दिवशी रजा टाकून गेलो, खरं सांगायचं असं ठरवून.

काका गाडीतच बसले होते, दार उघडं टाकून. मला बघून इंजिन बंद केलं. मी बाहेर उकिडवा बसलो आणि दुसरं काही बोलायच्या आधी सांगून टाकलं. अकरा पॉइंट आठ. पाहिला होता. खोटं बोललो.

ते चिडले नाहीत. स्टिअरिंगवर हात ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत होते.

"माझा हात स्टार्टरवरच होता," ते म्हणाले. "टक् हाताखाली झालं. मला त्याच वेळी कळलं."

"मग मला का विचारलंत?"

"वाटलं, तू वेगळं काहीतरी सांगशील. तू पाहिलाच नाही म्हणालास. मग मी म्हटलं, हाताला भास झाला असेल. दोष दुसरीकडे असेल. तो दाखवील कधीतरी."

तीन वर्षं ते त्या एका 'असेल'वर रोज सकाळी खाली येत होते, आणि ते 'असेल' मी दिलेलं होतं. आता ते मीच काढून घेतलं. 

मग काका म्हणाले, "दुसरंच एक विचारायचं राहिलं. मी खाली होतो, मला ती दिसत नव्हती. तू बाजूला उभा होतास. तिसऱ्यांदा फिरवली तेव्हा तिचं तोंड कसं होतं? लई दुखत व्हतं का रं तिला?"

मी आठवायचा प्रयत्न केला. काकूंचे गार पाय आठवले, किल्लीचा आवाज आठवला. बाकी काही नव्हतं.

"काका," मी म्हटलं, "मी आकडा बघत होतो."

त्यांनी मान हलवली. "हां," म्हणाले. "मीही तोच बघितला असता."